तरवड पावसाळ्यात का मरतो: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि उपाय

लक्षणे

तरवड या पिवळ्या फुलांच्या माळरानी झुडपाच्या तक्रारी दर वर्षी मृगापासून दिवाळीपर्यंत येत राहतात आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशा कोणत्याही भागातून आल्या तरी त्या बहुधा सारख्याच असतात. पेरलेले बी महिना उलटला तरी उगवत नाही. उगवलेच तर पिशवीतील रोप मातीलगत काळपट होऊन आडवे पडते. जमिनीत लावलेले रोप आषाढापर्यंत बरे दिसते आणि श्रावणाच्या झडीत खालच्या पानांपासून पिवळे पडू लागते. पर्णिका (एका दांड्यावर जोडीने असणारी छोटी पाने) गळतात, शेंडा मान टाकतो, आणि विशेष म्हणजे हे सर्व माती ओली असताना घडते. काही ठिकाणी झाड मरत नाही, उलट पुरुषभर उंच होते, पण नवरात्र येऊन गेले तरी त्याला फूल येत नाही. क्वचित अशीही तक्रार असते की फुले भरपूर येतात पण शेंग धरत नाही.

या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती या कोरड्या पट्ट्यातील माळावर ज्या वनस्पतीला कोणी पाणी घालत नाही, ती वनस्पती आवारात आणल्यावर आपण तिला गुलाब-जास्वंदीच्या पंगतीला बसवतो. तरवडाला पाण्याची टंचाई सहन होते. मुळाशी साचलेले पाणी सहन होत नाही. म्हणून रोप सुकताना दिसले की पाणी वाढवणे हा उपाय नसून बहुतेक वेळा तेच मरणाचे कारण असते. पुढील तपासण्या फुकट होणाऱ्यांपासून सुरू करून खर्चाच्या आणि कष्टाच्या तपासण्यांकडे नेल्या आहेत, आणि तो क्रम मोडू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण अनेकांनी पहिल्याच दिवशी झाड उपटून पाहिले आणि वाचण्यासारखे झाड त्यामुळेच गमावले.

आधी खात्री करावी की झाड तरवडाचेच आहे

या तपासणीला एक पैसाही लागत नाही, आणि हिच्याविना पुढील सर्व तपासण्या व्यर्थ आहेत. तरवड म्हणजे सेन्ना ऑरिक्युलेटा हे अनेक वर्षे जगणारे झुडूप असून ते साधारण एक ते तीन मीटर वाढते. त्याचे भाऊबंद मात्र पुष्कळ आहेत आणि त्या सर्वांची फुले पिवळीच असतात, त्यामुळे फुलाच्या रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. ओळख फुलावर नव्हे, पानावर करावी.

पान हातात घेऊन त्याचा दांडा खोडाला जिथे जोडलेला असतो ती जागा प्रथम पाहावी. तरवडात तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीच्या आकाराची, पानासारखीच हिरवी आणि सहज नजरेस पडणारी उपपर्णे असतात. ती बहुधा गळून न पडता टिकून राहतात, म्हणून फुले नसतानाही ओळख पटते. त्यानंतर पानाच्या मधल्या दांड्यावर बोट फिरवावे: पर्णिकांच्या साधारण आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी ग्रंथी असते. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळल्यावर तपकिरी होणारी आणि आतील बियांचे उंचवटे बाहेरून दाखवणारी असते. कानासारखी उपपर्णे, जोडी-जोडीमधल्या ग्रंथी आणि चपटी शेंग ही तीन चिन्हे एकत्र दिसली तर झाड तरवडाचे आहे असे निःशंक म्हणावे.

ज्यांच्याशी गोंधळ होतो त्यांत पहिला टाकळा. पावसाच्या सुरुवातीला ज्याच्या कोवळ्या पाल्याची आपण भाजी करतो, त्या टाकळ्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात, फुले लहान असतात आणि शेंगा लांब, बारीक, बाकदार असतात. तो एकाच हंगामाचा आहे. पाऊस सरल्यावर तो वाळतो तो रोगाने नव्हे, आयुष्य संपल्यामुळे. ‘आमचा तरवड दर दिवाळीला मरतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांच्या दारात प्रत्यक्षात टाकळा होता, आणि त्यावर कोणताही उपाय करण्याची गरज नव्हती. त्याचाच एक परदेशी भाऊबंद, केसाळ पानांचा आणि आखूड, खाचा पडलेल्या शेंगांचा, रस्त्याच्या कडेला दाट माजतो. तोही हंगामी आहे. भुईतरवड नावाने ओळखली जाणारी वनस्पती जमिनीलगत पसरते, तिच्या पानांवर ग्रंथी नसतात आणि शेंग वळलेली असते.

कासविंद्याची ओळख मात्र सर्वांत अधिक काळजीने करावी. त्याच्या पर्णिका टोकदार व थोड्या जोड्यांच्या असतात, पान चुरगळले की उग्र दुर्गंधी येते, आणि ग्रंथी प्रत्येक जोडीमध्ये नसून पानाच्या देठाच्या तळाशी एकच असते. त्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या मेंदू, यकृत व स्नायूंच्या प्राणघातक आजाराचा संबंध याच बिया खाण्याशी जोडला गेला आहे. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात तरवड समजून कासविंदा वाढू देणे म्हणूनच योग्य नाही.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांबाबत आणखी एक खुलासा आवश्यक आहे. शोभेसाठी विकला जाणारा एक पिवळा सेन्ना दिसायला तरवडाच्या फार जवळचा असतो, परंतु त्याच्या ग्रंथी फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांमध्येच असतात आणि फुलातील दहाही पुंकेसर परागयुक्त असतात, तर तरवडात वरचे तीन वांझ असतात. तो बागेच्या पाण्यावर चांगला वाढतो. म्हणून शेजारच्या आवारात तो हिरवागार असेल आणि आपला तरवड वाळत असेल, तर शेजाऱ्याचे पाणी देण्याचे वेळापत्रक उचलू नये. या सीमाभागात रोपे विकणारे बहुधा कन्नड बोलतात. त्यांच्याकडे तंगडी किंवा आवरिके असे विचारावे, पण नाव ऐकून पैसे न देता उपपर्णे पाहूनच रोप घ्यावे.

पाणी

दुसरी तपासणीही फुकटच आहे. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने चार बोटे माती उकरावी आणि तिची मूठ वळून पाहावी. मुठीत गोळा टिकत असेल आणि पान मात्र मलूल असेल, तर झाड तहानलेले नाही, ते गुदमरले आहे. मुळांना हवा लागते; मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे श्वास घेऊ शकत नाहीत, ती पाणी ओढण्याचे काम थांबवतात, आणि त्यामुळे ओल्या मातीत उभे असलेले झाडही पाणी न मिळाल्यासारखे कोमेजते. हे दृश्य पाहून माणूस पुन्हा पाणी घालतो आणि उरलेली मुळेही जातात.

लावणीनंतरचे पहिले काही आठवडे पाऊस नसेल तेवढेच पाणी द्यावे, आणि तेही वरची माती वाळल्यावर. झाडाने एक उन्हाळा काढला की पूर्व भागात पाणी पूर्ण बंद करावे. गवताच्या हिरवळीसाठी लावलेले फवारे, ठिबकची शेजारून जाणारी नळी, पाण्याच्या टाकीचा ओसंडणारा पाट, स्नानगृहाच्या सांडपाण्याचा ओघ या गोष्टी आपण पाणी देणे मानत नाही, पण झाडाला त्या पाणीच असतात. चिकोडी-रायबागकडे बांधावर लावलेल्या तरवडाबाबत उसाच्या सरीतून पाझरणारे पाणी हे कारण मी वारंवार पाहिले आहे; बांध वरून कोरडा दिसतो आणि हातभर खाली चिखल असतो.

ऊन आणि खत

तरवडाला दिवसभराचे ऊन हवे. आंब्याच्या किंवा नारळाच्या सावलीत तो जगतो, लांब वाढतो, पण फुलत नाही, आणि अशा झाडावर दुसरा कोणताही उपाय करून उपयोग नाही.

खताबाबत एवढेच सांगतो की शेणखताची पाटी, युरियाची मूठ, मेंढरांची लेंडी यांनी पाला येतो आणि फुले लांबतात. तरवड शेंगावर्गीय असल्याने त्याच्या बियांना कडधान्यासारखे जिवाणूखत चोळण्याचा सल्ला दिला जातो. परंतु सेन्ना वंशातील वनस्पतींच्या मुळांवर सामान्यतः तशा गाठी धरत नाहीत, त्यामुळे तो खर्च वाचवावा.

तणनाशकाचा वारा

नवे शेंडे पिळवटलेले, देठ वेडेवाकडे, पर्णिका चुरमडलेल्या आणि हे सर्व शेताकडील बाजूलाच अधिक, असे दिसले तर उसातील रुंद पानांच्या तणांवर मारलेले २,४-डी वाऱ्याने आले असण्याची शक्यता मोठी आहे. ही तपासणी करायला शेजारच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलावे लागतात, इतकाच तिचा खर्च. फवारणी केव्हा झाली आणि शेंडे केव्हा पिळवटले यांचा मेळ बसला की निदान झाले. झाड मोठे असेल तर बाधित फांद्या छाटाव्यात आणि वाट पाहावी. हे औषध तरवडाला लागते हे बहुतेकांच्या लक्षातच आलेले नसते, म्हणून तक्रारीच्या सुरात न बोलता वारा पडलेला असताना सकाळी फवारणी करण्याची विनंती करावी. ती सहसा मानली जाते.

बी उगवत नसेल तर

बी न उगवण्याचे कारण बहुधा मातीत नसते, बियांच्या टरफलातच असते. तरवडाच्या बियांवर पाणी आत जाऊ न देणारे कठीण आवरण असते. माळावर ऊन, पाऊस आणि मातीचे घर्षण ते आवरण हळूहळू सैल करतात, म्हणून तिथे एकाच शेंगेतील बिया वेगवेगळ्या वर्षी उगवतात, आणि अवर्षणाच्या मुलखात ही सोय झाडाच्या कामाची आहे. आपल्याला मात्र सगळ्या बिया एकदम उगवायला हव्या असतात.

झाडावरच पूर्ण वाळून तपकिरी झालेल्या शेंगांतील बिया घ्याव्यात. त्या उजेडात धरून पाहाव्यात. बारीक गोल भोक असलेल्या बिया फेकून द्याव्यात, कारण शेंगेतच वाढणाऱ्या भुंगेऱ्याने त्या आतून पोखरलेल्या असतात. उरलेल्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढाव्यात. नंतर पाण्याला उकळी आणून भांडे चुलीवरून खाली उतरवावे, क्षणभर थांबून त्यात बिया टाकाव्यात आणि त्या रात्रभर तशाच ठेवाव्यात. बिया घालून पाणी उकळू नये, त्याने आतील अंकुर मरतो. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेराव्यात; न फुगलेल्या बियांची एक कड खरखरीत पॉलिश कागदावर, टरफलाचा रंग किंचित बदलेपर्यंत घासून त्या साध्या पाण्यात पुन्हा भिजवाव्यात. बियांच्या डोळ्याची बाजू घासू नये. पेरताना बी बोटाच्या पेराएवढेही खोल जाऊ नये, आणि पिशवीतील मातीत निम्मी वाळू किंवा बारीक मुरूम असावा.

पिशवीतील रोप मातीलगत काळे पडून आडवे होणे ही मर आहे आणि तिचे कारण बहुधा भिजत राहिलेली माती हेच असते. पिशवीची भोके मोकळी आहेत का ते पाहावे, पिशव्या एकमेकींना चिकटून न ठेवता अंतरावर ठेवाव्यात, पाणी एक दिवसाआड करावे आणि आडवी पडलेली रोपे मातीसकट दूर टाकावीत. ती माती पुन्हा वापरू नये.

पिशवीत अडकलेले मूळ

तरवडाचे सोटमूळ फार लवकर खोल जाते. वरचा भाग बोटभर असताना खालचे मूळ पिशवीच्या तळाशी पोहोचलेले असते, आणि तिथे ते गोल फिरू लागते. असे रोप जमिनीत लावल्यावर मूळ त्याच वेटोळ्यात राहते. पावसाळ्यात वरच्या ओलीवर ते तगते आणि उन्हाळ्यात वाळते, किंवा जोराच्या वाऱ्याने बुंध्यातच कलते. मोठे, फुलावर आलेले रोप विकत घ्यावेसे वाटते, पण तरवडाबाबत तीच निवड नुकसानीची ठरते. वीतभर उंचीच्या आतले रोप, मातीचा गोळा न फोडता लावावे. माझे स्पष्ट मत असे आहे की पूर्वेकडील तालुक्यांत रोप लावूच नये. मृगाचा पाऊस पडल्यावर गरम पाण्यातून काढलेल्या तीन-चार बिया जागेवरच टोकाव्यात आणि त्यांतील एक जोमदार रोप ठेवावे. बेळगाव शहराच्या आसपास आणि खानापूरच्या पूर्वेकडील गावांत मात्र लावणी पावसाच्या तोंडावर न करता भाद्रपदात, पावसाचा जोर ओसरल्यावर करावी, म्हणजे कोवळ्या मुळांना श्रावणाच्या झडीशी झुंजावे लागत नाही आणि थंडीचे महिने मूळ खोल जाण्यासाठी मिळतात.

निचरा

इथून पुढे कुदळ हातात घ्यावी लागते. लावणीच्या जागी हातभर खोल खड्डा काढून तो पाण्याने भरावा, ते मुरल्यावर लगेच दुसऱ्यांदा भरावा आणि मग वेळ पाहावी. पहिले पाणी कोरड्या मातीने प्यालेले असते, म्हणून दुसऱ्या भरण्यावरच निर्णय करावा. काही तासांत पाणी गेले तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसले तर तिथे सपाट जमिनीवर तरवड लावू नये. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हाच निकाल बहुधा येतो. अशा ठिकाणी गुडघाभर उंचीचा आणि निदान मीटरभर रुंदीचा उंचवटा करावा. त्यात दोन भाग मुरूम आणि एक भाग तिथलीच माती असावी, आणि पाणी वाहून जाण्यासाठी बाजूने चर काढावा. काळ्या मातीत नुसताच खड्डा करून त्यात मुरूम भरणे हा उलटा उपाय आहे, कारण भोवतालच्या चिकणमातीतले पाणी त्या खड्ड्यात येऊन साठते.

जांबोटी, कणकुंबीकडील घाटमाथ्यावर प्रश्न वेगळा आहे. तिथली जांभ्याची माती निचऱ्याची असली तरी पाऊस इतका लांबतो की माती वाळायला अवधीच मिळत नाही, हवा दमट राहते आणि ऊन महिनोन्महिने पुरेसे नसते. तिथे उंचवटे करून, छपरे घालून तरवड जगवण्याचा खटाटोप करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. तो त्या मुलखाचा नाही.

झाड धडधाकट आहे, पण फूल वा शेंग नाही

ऊन आणि खत यांची तपासणी झाल्यानंतरच छाटणीकडे यावे. तरवडाची फुले फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात. जितके शेंडे अधिक तितकी फुले अधिक. शेंगा वाळून गेल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाड एक-तृतीयांश छाटावे. पूर्वापार हिरवळीच्या खतासाठी पाला, दातवणासाठी काड्या आणि कातडी कमावण्यासाठी साल अशी तरवडाची तोड होत आली आहे आणि तो बुंध्यातून पुन्हा फुटतो, म्हणून कात्री लावताना कचरू नये. मात्र पावसाळ्यात छाटू नये.

शेंग न धरण्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. या फुलात मध नसतो आणि परागकोश टोकाच्या बारीक छिद्रातूनच उघडतात. लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे आणि काही रानमाश्या फुलाला बिलगून अंग थरथरवतात, तेव्हा पराग बाहेर पडतो. आवारात कीटकनाशकाचा मारा होत असेल तर हे कीटक येत नाहीत. पाने खाणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या तरीही फवारणी करू नये. त्या बहुधा पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात आणि मोठ्या झाडाला काही आठवड्यांत नवी पालवी येते. कोवळ्या रोपावरील अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

शेवटची तपासणी: मूळ उघडून पाहणे

वरील सर्व करूनही झाड खालावत असेल तरच बुंध्याभोवतीची माती एका बाजूने काढावी. मुळाची साल नखाने खरवडल्यावर आत पांढरट आणि घट्ट असेल तर माती तशीच उघडी ठेवून चार-पाच दिवस वाळू द्यावी. पाणी थांबवल्यावर अशी झाडे पुष्कळदा सावरतात. साल हातात निघून येत असेल, आत तपकिरी काळपटपणा आणि कुजका वास असेल, किंवा बुंध्याभोवती काळे कडे पूर्ण फिरले असेल, तर झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून जाळावे आणि त्याच खड्ड्यात दुसरे लावू नये.

कुठे थांबावे आणि कोणाला विचारावे

त्याच आवारातील इतर जातींची झाडेही मरत असतील तर हा तरवडाचा प्रश्न राहिलेला नाही. जमिनीवर पांढरा थर येत असेल तर ती क्षारपड होत आहे, आणि तिथे माती-पाण्याच्या तपासणीवाचून एकही रोप लावू नये. होबळीच्या (कर्नाटकातील तालुक्याच्या महसुली उपविभागाच्या) रयत संपर्क केंद्रात किंवा जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात नमुने कसे घ्यावेत व कुठे द्यावेत हे समजते. एकापाठोपाठ एक झाडे मूळकुजीने जात असतील तर बुरशीनाशक स्वतःच्या अंदाजाने ओतू नये. कोणती बुरशी आहे हे ठरल्याशिवाय औषध ठरत नाही, आणि ते काम वनस्पतिरोगतज्ज्ञाचे आहे. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आपल्यापासून दूर नाही.

ओळखीबद्दल शंका उरली तर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयात फांदी न्यावी; तिच्यावर उपपर्णांसह पाने, फूल आणि शेंग असावी, कारण नुसत्या फुलावरून खात्रीचे उत्तर मिळत नाही. मधुमेहासाठी तरवडाच्या फुलांचा काढा घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, परंतु तो वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर मुळीच नाही. मुलाने अनोळखी पिवळ्या फुलाच्या झाडाची शेंग खाल्ली असेल तर झाड कोणते याची चर्चा करत न बसता, उरलेली शेंग आणि पान पिशवीत घालून मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.